अल्फा लहरी जास्त आहेत, म्हणून लक्ष लागत नाही?

वाचकाचं पत्र:

नमस्कार ताई,
मी ३४ वर्षांची आहे. करारपत्रं आणि कायदेशीर मसुदे वाचून त्यातल्या चुका शोधणं हे माझं काम. गेलं वर्षभर असं होतंय की मी पानच्या पान वाचते आणि शेवटी आल्यावर लक्षात येतं, डोक्यात काहीच शिरलेलं नाही. मागच्या महिन्यात एक चूक माझ्या नजरेतून सुटली आणि थेट वरिष्ठांपर्यंत गेली. धाकट्या भावाने काळजीपोटी डोक्याला बांधायची एक पट्टी आणून दिली. ती मेंदूच्या लहरी मोजते आणि मोबाइलवर ‘एकाग्रता’ टक्क्यांत दाखवते. माझा आकडा चाळिशीच्या वर जातच नाही. अ‍ॅप म्हणतं, अल्फा आणि थीटा लहरी जास्त, बीटा कमी. आता ते ‘लहरी सुधारण्याचा’ तीन महिन्यांचा कोर्स घ्यायला सांगतंय, आणि रात्री हेडफोन लावून ‘गॅमा ध्वनी’ ऐकायला. ते मी रोज रात्री साडेबारापर्यंत ऐकते आणि सकाळी साडेपाचला उठते. माझ्या मेंदूत खरंच बिघाड आहे का? कोर्स घेऊ का?
– एक वाचक

उत्तर:

प्रिय मैत्रीण,

कोर्स घेऊ नका. आणि मेंदूत बिघाड आहे असं त्या पट्टीच्या आकड्यावरून कुणीही, अगदी मेंदूविकारतज्ज्ञसुद्धा, म्हणू शकणार नाही. तुमचा त्रास मात्र खरा आहे आणि त्यावर करण्यासारखं बरंच आहे. त्याचं एक मोठं कारण तुम्ही पत्रात स्वतःच लिहून गेला आहात, त्याकडे येतेच. आधी लहरींबद्दल बोलू, कारण ती भीती मनातून गेल्याशिवाय पुढचं काही तुम्हाला पटणार नाही.

मेंदूतल्या चेतापेशी सतत एकमेकींना संदेश देत असतात. एकट्या पेशीची हालचाल कवटीबाहेर कळत नाही. पण असंख्य पेशी एकाच वेळी उत्तेजित आणि एकाच वेळी शांत होऊ लागल्या की त्यांची बेरीज डोक्याच्या त्वचेपर्यंत पोचते. तीही किती, तर काही मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात. ही वरखाली होणारी रेषा म्हणजे ईईजी. सेकंदाला ४ पेक्षा कमी वेळा हेलकावणारी लय ती डेल्टा, ४ ते ८ थीटा, ८ ते १३ अल्फा, ३० पर्यंत बीटा आणि त्यापुढे गॅमा. हे विभाग माणसांनी सोयीसाठी पाडले आहेत. मेंदूच्या आत आळशी लहरी एका कप्प्यात आणि हुशार लहरी दुसऱ्या कप्प्यात, अशी काही मांडणी नसते.

अल्फाची ओळख सगळ्यात जुनी. जर्मनीत येना इथले मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची विद्युत हालचाल पहिल्यांदा टिपली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. पुष्कळांचा विश्वासच बसला नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एडगर एड्रियन आणि ब्रायन मॅथ्यूज यांनी तेच प्रयोग पुन्हा करून दाखवले, तेव्हा कुठे जग गंभीरपणे बघू लागलं. त्यांनी जे पाहिलं ते आजही कुठल्याही ईईजीच्या खोलीत दिसतं. माणूस डोळे उघडे ठेवून बसलेला असतो, डोक्याच्या मागच्या भागावरच्या इलेक्ट्रोडची (संकेत टिपणाऱ्या चकतीची) रेषा बारीक आणि खडबडीत चाललेली असते. तंत्रज्ञ म्हणतो, ‘डोळे मिटा.’ सेकंदभरात त्या रेषेला गोलाई येते. एकसारख्या टेकड्या उमटू लागतात, सेकंदाला साधारण दहा. ‘उघडा’ म्हटलं की टेकड्या गायब. मला हे दृश्य कितीही वेळा पाहिलं तरी जुनं वाटत नाही. आपला एखादा साधा निर्णय मेंदूत कुठे आणि किती चटकन उमटतो, हे इतक्या उघडपणे दाखवणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

यावरून बराच काळ समज असा होता की अल्फा म्हणजे मेंदू रिकामा बसलाय. तुमचं अ‍ॅप अजून तिथेच अडकलेलं दिसतं. गेल्या काही दशकांत हे चित्र पार बदललं. प्रयोगात माणसाला पडद्याच्या मधोमध नजर रोखायला सांगतात आणि मनाने मात्र डाव्या बाजूकडे लक्ष ठेवायला सांगतात. नजर हलत नाही, तरी मेंदूत फरक पडतो. डावीकडचं दृश्य हाताळणाऱ्या उजव्या भागातला अल्फा कमी होतो आणि नको असलेली उजवी बाजू हाताळणाऱ्या डाव्या भागात तो वाढतो. म्हणजे जे ऐकायचं-बघायचं नाही त्याची वाट अडवण्याचं काम अल्फा करतो, असं आज या विषयातले बरेच संशोधक मानतात. गोंगाटात पुस्तक वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूत कुठेतरी अल्फा वाढलेला असणं त्याच्या फायद्याचंच असतं. नवी कल्पना सुचवण्याच्या कामातही अल्फा वाढलेला आढळतो, कारण तेव्हा बाहेरचं दार थोडं लोटून घ्यावं लागतं.

मग ‘अल्फा जास्त’ या वाक्याला काय अर्थ उरला? कुठे जास्त, कधी जास्त, कशाच्या तुलनेत जास्त, हे सांगितल्याशिवाय काहीच नाही.

थीटाचंही तसंच. डुलकी लागायच्या बेतात असताना थीटा वाढतो हे खरं. पण एखादा लांबलचक आकडा डोक्यात धरून ठेवायचा असेल, अवघड हिशोब मनात करायचा असेल, तेव्हा कपाळामागच्या मधल्या भागात थीटाच वाढतो, आणि काम जितकं जड तितका जास्त. लहरींचा वेग तोच, जागा वेगळी, अर्थ उलट. तुमच्या पट्टीला कपाळावर दोन-चार इलेक्ट्रोड असतील. त्यातून निघालेली थीटाची बेरीज झोपेची आहे की कष्टाची, हे तिला कसं कळणार?

आता मुळात या लयींचा उपयोग काय, ते सांगते. झोपाळ्याला धक्का देताना वेळ साधावी लागते. मागे येऊन तो वळतो त्या क्षणी दिलेला हलका धक्काही कामी येतो आणि अंगावर येत असताना दिलेला जोराचा धक्काही वाया जातो. पेशींच्या समूहालाही अशी वेळ असते. लयीच्या एका टप्प्यात तो समूह संदेश घ्यायला तयार असतो, दुसऱ्या टप्प्यात नसतो. मेंदूचे दोन भाग एका तालात आले तर एकाचा निरोप दुसऱ्याला नेमक्या तयार क्षणी मिळतो. मेंदूसंशोधक पास्कल फ्रीस यांनी २००५ मध्ये ही कल्पना नीट मांडली. तिच्या तपशिलांवर अजूनही वाद चालू आहेत, पण वेळ साधणं हा लयीचा गाभा आहे यावर बरंचसं एकमत आहे.

याचा एक परिणाम तुमच्या कामाच्या दृष्टीने समजून घेण्यासारखा आहे. आपल्याला वाटतं, लक्ष म्हणजे अखंड धार. २०१८ मध्ये माकडांवर आणि माणसांवर झालेल्या जोडीच्या अभ्यासांतून दिसलं की एका जागी लक्ष ठेवलेलं असतानाही ते सेकंदाला साधारण चार वेळा गडद-फिकं होतं. फिक्या क्षणी मेंदू आजूबाजूचा कानोसा घेऊन येतो. आपल्या पूर्वजांपैकी जो खाण्यात पूर्ण बुडाला आणि झुडपातली हालचाल त्याला कळली नाही, तो टिकला नसता. म्हणून लक्षाचं सुटणं-धरणं हे निरोगी मेंदूत मुळातच विणलेलं आहे. तुमचं पानभर मन भरकटणं याहून फार मोठ्या कालावधीचं आहे, दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण सतत शंभर टक्के एकाग्र राहणारा मेंदू ही कल्पनाच चुकीची आहे, आणि तुमचं अ‍ॅप तुम्हाला त्याच कल्पनेशी मापतंय.

जास्त लय म्हणजे जास्त चांगलं, हाही गैरसमजच. लहान मुलांमध्ये अपस्माराचा (फिट येण्याच्या आजाराचा) एक प्रकार असतो, त्यात मूल बोलता बोलता काही सेकंद टक लावून थांबतं आणि मग जणू काही घडलंच नाही अशा थाटात पुढे बोलू लागतं. त्या सेकंदांत ईईजीवर सगळ्या डोक्यावर एकसारख्या, ठसठशीत, सेकंदाला ३ या वेगाच्या लहरी उमटतात. इतका सुरेख ताल निरोगी जागेपणी कधी दिसत नाही आणि नेमकी तेव्हाच जाणीव थांबलेली असते. कामाप्रमाणे लय जुळवता येणं आणि काम संपलं की ती मोडता येणं, यात मेंदूचं खरं कसब आहे. एका ठरावीक आकड्यावर लहरी नेऊन बसवल्या की लक्ष सुधारेल, ही सगळी मांडणीच म्हणून पोकळ आहे.

पट्टी मोजते तरी काय, ते तुम्हीच तपासा. ती बांधून, अ‍ॅप उघडून, शांत बसा. मग दात घट्ट आवळा, दहा-पंधरा सेकंद. मग कपाळाला आठ्या घाला. आकडा हलण्याची दाट शक्यता आहे, कारण जबडा आणि कपाळ यांच्या स्नायूंतून निघणारी वीज मेंदूच्या संकेतापेक्षा कितीतरी मोठी असते आणि ती बरोब्बर बीटा-गॅमाच्या पट्ट्यात मिसळते. पापण्यांची उघडझाप तर ईईजीवर मोठ्या लाटेसारखी दिसते. प्रयोगशाळेत हा सगळा कचरा वेचून बाजूला काढण्यात तासन्‌तास जातात, तरीही थोडा शिल्लक राहतोच. कामाच्या ताणाने दातओठ खाऊन बसलेला माणूस अशा पट्टीला ‘एकाग्र’ वाटू शकतो.

तरी अ‍ॅपच्या बाजूची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खरी आहे. २००९ मधल्या एका अभ्यासात एकसुरी काम करणाऱ्या माणसांकडून चूक होण्याच्या सुमारे २० सेकंद आधीपासूनच डोक्याच्या मागच्या बाजूचा अल्फा वाढू लागलेला दिसला. म्हणजे लक्ष ढळणं आणि अल्फा यांचं नातं आहे. पण ते त्याच माणसाच्या स्वतःच्याच बऱ्या क्षणांशी तुलना करून आणि अनेक चुकांची सरासरी काढून सापडलेलं नातं आहे. त्यातून ‘तुमचा अल्फा जास्त’ असा शिक्का एखाद्या व्यक्तीवर मारता येत नाही.

कोर्सबद्दल. पडद्यावर आपल्याच लहरी बघत त्या बदलायला शिकायचं, याला न्यूरोफीडबॅक म्हणतात. लक्ष न लागण्याचा त्रास असलेल्या मुलांवर, थीटा कमी आणि बीटा जास्त करण्याच्या याच पद्धतीची एक चोख चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला खरं प्रशिक्षण, दुसऱ्या गटाला हुबेहूब तसंच दिसणारं पण त्यांच्या लहरींशी संबंध नसलेलं. कुणाला काय मिळतंय हे मुलांना, पालकांना, शिकवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं. दोन्ही गट सुधारले, आणि जवळपास सारखेच. नियमित येणं, कुणीतरी आस्थेने लक्ष देणं, एका जागी बसून सराव करणं, यांचा गुण आला असावा. लहरी बदलण्याचा वेगळा गुण दिसला नाही. प्रयोगशाळेत, चांगल्या उपकरणांनी ही स्थिती असेल तर घरच्या पट्टीकडून काय अपेक्षा ठेवायची?

‘गॅमा ध्वनी’ म्हणजे बहुधा दोन कानांत किंचित वेगळे स्वर. फरक सेकंदाला ४० कंपनांचा असेल तर मेंदूला त्याच वेगाची घरघर जाणवते. ही गंमत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिश डोव्ह यांनी एकोणिसाव्या शतकातच शोधली होती. तिने मेंदूच्या लहरी खरोखर त्या तालावर येतात का, यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, आणि लक्ष सुधारतं हे तर त्याहून कच्च्या आधारावर उभं आहे. सेकंदाला ४० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाचे आणि तशाच ध्वनीचे उंदरांवरचे अल्झायमरचे प्रयोग २०१६ पासून गाजले आणि त्याच नावाचा फायदा ही अ‍ॅप्स घेतात. ते संशोधन गंभीर आहे, माणसांवरच्या चाचण्या चालू आहेत, पण ते अल्झायमरबद्दल आहे. तुमच्या करारपत्रांशी त्याचा संबंध नाही. आणि कुणी चकाकणारा दिवा वापरायला सांगितला तर अजिबात वापरू नका. तशा प्रकाशाने काही जणांना अपस्माराचा झटका येऊ शकतो.

त्या ध्वनीने तुमचं एक नुकसान मात्र नक्की झालंय. रात्री साडेबारा ते पहाटे साडेपाच, म्हणजे फार तर पाच तास झोप. तीही बहुधा महिनोन्‌महिने. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती या ओळीची, आणि तुम्ही ती अगदी जाता जाता लिहिली आहे.

झोप कमी पडलेला मेंदू सगळाच्या सगळा एकदम झोपत नाही. २०११ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना बराच वेळ जागं ठेवलं. उंदीर हिंडत होते, डोळे उघडे होते, ईईजीही जागेपणीचीच होती, पण मेंदूच्या पृष्ठभागातले काही पेशीसमूह मधूनच क्षणभर गप्प होत होते, गाढ झोपेत होतात तसे. साखरेची गोळी पंजाने उचलण्याच्या कामात असा क्षण आला की गोळी निसटायची. २०१७ मध्ये माणसांमध्येही असंच सापडलं. अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांना रात्रभर जागवलं, तेव्हा चित्र ओळखण्यात उशीर होण्याच्या आधी त्यांच्या पेशींचा प्रतिसाद मंद आणि लांबलेला होता, आणि त्याच वेळी आसपास संथ, थीटासारख्या लहरी उमटत होत्या. पट्टीने तुमचा थीटा योगायोगाने खरा टिपला असेलच, तर त्याचं सगळ्यात साधं स्पष्टीकरण हे आहे. पानावर डोळे फिरतायत, ओळी पुढे सरकतायत आणि अर्थ लावणारा भाग मधेच गप्प होतोय. तुम्ही वर्णन केलंय ते अगदी असंच.

‘पण मला झोप येत नाही दिवसा, सवय झालीय’ असं तुम्ही म्हणाल. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या अभ्यासात माणसांना सलग १४ दिवस रात्री सहा तासच झोपायला दिलं. त्यांची लक्ष देण्याची क्षमता दिवसागणिक घसरत गेली. त्यांना विचारलं तर मात्र ते सांगत होते की फारशी झोप येत नाहीये. आपली झोप किती कमी पडतेय हे ठरवायला आपणच सगळ्यात वाईट परीक्षक असतो.

म्हणून पुढचे तीन आठवडे एवढं करा: रात्रीचे ध्वनी बंद, हेडफोन दुसऱ्या खोलीत, साडेदहाला अंथरुणात. उठण्याची वेळ साडेपाचच ठेवा. दुपारी दोननंतर चहा-कॉफी नको. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. पहिला आठवडा चिडचिडीचा जाईल, तरी सोडू नका.

कामाची मांडणीही थोडी बदला. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणारे सैनिक थोड्या वेळाने ठिपके हुकवू लागतात, हे लक्षात आल्यावर मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्याचा अभ्यास केला. दोन तास घड्याळासारख्या तबकडीवरच्या एका काट्याकडे बघायचं आणि तो कधी दुप्पट उडी घेतो ते सांगायचं. १९४८ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की मोठी घसरण पहिल्या अर्ध्या तासातच होते. हे धडधाकट, तरुण, काळजीपूर्वक निवडलेल्या माणसांचं आहे. क्वचित येणारी चूक शोधत बसणं, म्हणजे नेमकं तुमचं काम, मेंदूसाठी अवघडच आहे. सलग दोन तास बसून ते होत नाही याची लाज वाटून घेऊ नका. पंचवीस-तीस मिनिटं वाचा, मग उठून चार पावलं चाला, आणि त्या वेळात फोन हातात घेऊ नका. एका वाचनात सगळं पकडायचा प्रयत्न सोडा. एकदा फक्त तारखा आणि रकमा, एकदा फक्त नावं आणि व्याख्या, एकदा अर्थ. शोधायचं काय हे ठरलेलं असलं की बाकीचं दाबणं मेंदूला सोपं जातं. सगळ्यात जोखमीची कलमं सकाळच्या पहिल्या तासात घ्या, आणि शक्य असेल तिथे सहकाऱ्याशी मसुद्यांची अदलाबदल करून एकमेकांचं तपासा. सुटलेल्या चुकीबद्दल वरिष्ठांशी बोलायचं असेल तर ‘मी जास्त लक्ष देईन’ असं आश्वासन देण्यापेक्षा ही पद्धत त्यांच्यापुढे ठेवा.

भावाला दुखवू नका. त्याने काळजीने आणलं, आणि जाहिरातीच त्या भाषेत येतात की कुणालाही पटावं. हे पत्र त्याला वाचायला दिलंत तरी चालेल.

तीन आठवडे नीट झोपूनही फरक पडला नाही तर डॉक्टरांकडे जा. तुम्ही घोरता किंवा सात-आठ तास झोपूनही थकलेल्या उठता, तर झोपेत श्वास अडतो का ते बघावं लागेल. रक्तक्षय आणि थायरॉइडच्या तक्रारींतही असंच होतं, आणि मन बराच काळ उदास असेल तर त्यातूनही. शाळेपासूनच वस्तू हरवणं, कामं अर्धवट सोडणं, रांगेत उभं न राहवणं असं असेल तर प्रौढांमधल्या एडीएचडीची (लक्ष न टिकण्याच्या आणि उतावळेपणाच्या विकाराची) तपासणी मानसोपचारतज्ज्ञांकडून करून घ्या. ती मुलाखतीतून होते, लहरी मोजून होत नाही. एका बाबतीत मात्र तीन आठवडे थांबू नका. तुम्ही मधेच टक लावून थांबता, हाक मारली तरी ओ देत नाही, ओठ किंवा हात आपोआप हलतात आणि नंतर तेवढा वेळ आठवत नाही, असं घरच्यांनी कधी पाहिलं असेल तर लगेच मेंदूविकारतज्ज्ञांना भेटा. तिथे रुग्णालयातली खरी ईईजी लागते. जाताना अ‍ॅपचे आलेख नेऊ नका. किती वाजता झोपलात, किती वाजता उठलात आणि दिवसात कोणत्या वेळी पान वाया गेलं, एवढी रोजची नोंद वहीत करून न्या; डॉक्टरांना तिचाच उपयोग होईल.